बुधवारची फ्लॉपी

"शटर वढा खाली! कोण भायेर जायाचं न्हाय! पाव्हणं, खिशात काय हाय ते आदी टेबलावर ठेवा, मग बोला!"

माझा एक पाय दुकानाच्या पायरीवर होता आणि दुसरा रस्त्यावर. दुकानातल्या नोकरानं, दगडूनं, शटर अशा घाईनं ओढलं की मी वेळेवर वाकलो म्हणून आख्खा आत आलो. नाहीतर ही हकीकत आज माझ्या फक्त वरच्या अर्ध्या भागाला सांगावी लागली असती.

आत गुरुपादआण्णा उभे होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात तलवारीसारखा उगारलेला कॉम्प्युटरचा कीबोर्ड. समोर मुरगूडचे एक शेतकरी पाव्हणे दोन्ही हात वर करून उभे. टेबलावर त्यांची तंबाखूची चंची, फणी, एसटीचं तिकीट आणि फडक्यात गुंडाळलेला इंजिनाचा मोडका नोझल.

"आवो, मी नोझल मागाय आलोय," पाव्हणे म्हणत होते. "माझं हात कशापायी वर?"

"नोझल मागाय काय, कोण बी येतंय," आण्णा म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "या मास्तर. बरं झालं आलासा. पयला संशय तुमच्यावरच हाय."

गुरुपादआण्णांचं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि वरच्या माडीवर माझा कॉम्प्युटर क्लास. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. त्या काळी आमच्या पेठेत ज्याला कॉम्प्युटर सुरू करता येई त्याला मास्तर म्हणत, आणि ज्याला बंदसुद्धा करता येई त्याला सर. मी मास्तर होतो.

आण्णांचं गाव पार सीमेवरचं. घरात कानडी, दुकानात मराठी आणि शिव्या दोन्हींत. पण कुठल्याही भाषेत त्यांचं बोलणं शेवटी एकाच वाक्यावर येऊन टेकायचं: "ह्यात डाव हाय." केळीवाल्यानं एक केळं जास्त दिलं, तर हे परत करायचे. "जादा देतोय म्हंजे आत काय तर असणार." मुलीच्या बेळगावच्या सासरच्यांनी बोलणी करताना काहीच मागितलं नाही, म्हणून आण्णांनी लग्न वर्षभर लांबवलं आणि मुलाच्या आज्यापर्यंतची चौकशी केली. भर दुपारी ऊन डोक्यावर आलं की स्वतःची सावली दिसेना म्हणून ते मागं वळून बघायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "आत्ता तर हितं हुती की!"

दुकान बंद करताना बाकीचे दुकानदार गल्ला पिशवीत घालून घरी नेतात. आण्णा कीबोर्ड न्यायचे. गल्ला तिथंच.

"ह्याच्याबिगर त्याला बोलता येत न्हाय," ते कॉम्प्युटरकडं हनुवटी करून सांगायचे. "आन् मुकं जनावर चोराला काय सांगणार?"

रोज दिवेलागणीला खांद्यावर पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणारी कीबोर्डची काळी वायर, असे आण्णा बोळातून घरी जायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बेळगावला नांदत होती. घरात आण्णा आणि कीबोर्ड.

आता हा कॉम्प्युटर त्यांनी घेतला तोसुद्धा संशयापायीच. झालं असं, की एकदा कुणी गिऱ्हाईक खोक्यांवरची नावं जरा जास्त वेळ वाचत उभं राहिलं. आण्णांना कळून चुकलं, की हा पलीकडच्या गल्लीतल्या दुकानदाराचा हेर. बस्स. दिवाळीच्या सुट्टीत दार लावून ह्या माणसानं दुकानातल्या एकूण एक खोक्यावरचं नाव खरवडून काढलं आणि तिथं नुसता आकडा टाकला. कुठल्या आकड्यात कुठला भाग, हे फक्त कॉम्प्युटरात. त्यासाठी माझ्याकडून फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम करून घेतला, आणि मी तो करत असताना माझ्याकडं पाठ करून बसले. जणू त्यांनी पाठ केली की मी काय टाइप करतोय ते मलाही दिसणार नव्हतं!

"पण आण्णा," मी म्हणालो होतो, "दगडूला सगळं तोंडपाठ हाय की. कशाला कॉम्प्युटर?" दगडू त्यांच्या लग्नाआधीपासून दुकानात होता.

"त्येच तर! सगळं दुकान ह्येच्या डोस्क्यात. उद्या कुणी ह्येचं डोस्कंच पळवलं तर?"

म्हणून खोक्यांच्या जागाही बदलल्या. दुसऱ्या दिवसापासून दगडू स्वतःच्याच दुकानात पाव्हण्यासारखा हिंडायला लागला.

तर त्या गुरुवारी सकाळी आण्णांनी कॉम्प्युटर सुरू केला, फाईल उघडायला गेले, आणि पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं: 'नॉट अ डेटाबेस फाईल.'

"म्हंतंय, ही डेटाबेस फाईलच न्हवं!" आण्णांचा आवाज फुटला. "काल सांजंपत्तर हुती की! मास्तर, साक्षीदार फुटला. कुणी फोडला?"

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. फाईल होती, आकारही जवळपास तेवढाच होता, पण तिचा सुरुवातीचा भाग, जिथं आत काय काय आहे ते लिहिलेलं असतं, तोच बिघडला होता. भिंतभर खोकी. हजारोंनी खोकी. सगळ्यांवर आकडे. आणि आकड्यांचा अर्थ सांगणारं आता जगात कुणी नाही. खुद्द आण्णाही नाहीत, कारण आपणच झोपेत बोलून जाऊ ह्या भीतीनं त्यांनी एकही आकडा पाठ केलेला नव्हता.

"काल बंद कसा केलासा?" मी विचारलं.

"रोज करतो तसाच. बंद कर म्हटलं, आन् प्लग उपसला."

"अहो, पडद्यावर 'आता बंद करणं सुरक्षित आहे' असं येईपर्यंत थांबायचं असतंय!"

आण्णांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, जो आपण हून सांगतोय की सुरक्षित हाय, त्येच्यावर कोण इश्वास ठेवंल? मी त्येच्या आदीच उपसतो."

मी डोक्याला हात लावला. यूपीएस घ्या म्हणून मी मागं लागलो होतो, तर 'पोटात करंट साठवून ठेवतोय? कशापायी?' म्हणून त्यांनी तो विकणाऱ्यालाच पिटाळला होता. पण यूपीएस तरी काय करणार होता? त्याचाही प्लग ह्यांनी उपसलाच असता.

"आवो, तुमचं काय बी असू दे," मुरगूडचे पाव्हणे हात खाली घेत म्हणाले. "नदीवरचं इंजिन बंद हाय माझं. नुकती लागण केलीया उसाची. आज-उद्या पाणी मिळालं न्हाय तर मातीतल्या कांड्यांचं डोळं वाळून जात्यात. ह्या जुन्या इंजिनाचा नोझल आख्ख्या जिल्ह्यात तुमच्याबिगर कुणाकडं न्हाय. हितंच कुठल्या तर खोक्यात हाय. काढा की!"

आण्णा भिंतभर खोक्यांकडं बघत राहिले. मग एकदम खुर्चीत बसले. "अय्यो शिवने," एवढंच म्हणाले. मी त्यांना घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ह्या दुकानातून मोकळ्या हातानं कुणी परत गेलेलं नव्हतं, ही एकच गोष्ट होती, जिच्यावर त्यांना कधी संशय आला नव्हता.

"आण्णा," मी म्हणालो, "बॅकअप हाय की! तीन फ्लॉप्या भरायला शिकवलंय मी तुमाला. कुठं हायत?"

आण्णांनी दगडूला बाहेर पाठवलं, पाव्हण्यांना कानांवर हात ठेवायला सांगितलं आणि माझ्या कानात कुजबुजले. सोमवारची फ्लॉपी मंगळवार पेठेतल्या बाबूराव सायकलवाल्याकडं. बुधवारची तात्या पैलवानाकडं, आमच्याच पेठेत. शुक्रवारची कळंब्याला, तुरुंगातून निवृत्त झालेल्या एका जमादाराकडं. दर आठवड्याला स्वतः जायचे, नवी द्यायचे, जुनी परत आणायचे.

"ह्येच तिघं कशापायी?"

"तात्या आन् बाबूराव बोलत न्हाईत. फुटबॉलातल्या एका गोलवरनं. बाबूराव म्हणतोय हुता, तात्या म्हणतोय नव्हता. आन् जमादार त्या दोघास्नी बी चोर समजतोय. म्हंजे तिघं मिळून माझ्यावर डाव टाकतील, ही भीती न्हाय." मग आवाज आणखी खाली. "परत्येकाला सांगिटलंय, खरी तुझ्याकडं. बाकीच्या दोन खोट्या."

काल बुधवार, म्हणजे सगळ्यांत ताजी तात्यांकडं. पाव्हण्यांना आणि दगडूला एकेक खोकं उघडून बघायला बसवलं आणि आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो. मागं आण्णा, त्यांच्या मांडीवर कीबोर्ड.

तात्यांच्या दारात त्यांची बायको, आमच्या काकी, उभ्या होत्या. आण्णांना बघून त्यांचा चेहराच उतरला. "आगं बया! आण्णा, तुमी आज बेस्तरवारी कसं काय? आज तर मटण चढवलंय वो!"

"काकी, जेवायला न्हाई आलो..." मी म्हणालो.

"न्हाय, पर आण्णा खात न्हाईत, त्येंच्या नाकाला वास नगं. आवो मास्तर, बुधवारी आमच्यात मटण शिजतच न्हाय. आण्णांची फ्लॉपी असती की! म्हणून कालचं आज केलंय."

मी आ वासून बघत राहिलो. कोल्हापुरात, पैलवानाच्या घरात, बुधवारी मटण नाही! पंचगंगा उलटी वाहते म्हणाल्या असत्या तर मी आधी त्यावर विश्वास ठेवला असता. पण काकी ते असं सांगत होत्या, जसं काही बुधवारचा आणि मटणाचा कधी संबंधच नव्हता.

फ्लॉपी देव्हाऱ्यात होती. तात्यांनी दोन्ही हातांनी आणून दिली. घरात आलेल्या वस्तूला काकी हळदकुंकू वाहिल्याशिवाय ठेवत नसत, आणि बाहेरून वाहिलं तर ते वस्तूला पोचत नाही असं त्यांचं मत. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण मी सरकवून बघितलं. आत चिमूटभर कुंकू आणि एक अक्षता, म्हणजे ही फ्लॉपी वाचण्यातली नव्हती.

"दर खेपंला नीट झाकण उघडून वाहती," काकी म्हणाल्या.

आण्णांनी तात्यांकडं रोखून पाहिलं. "तात्या, बाबूरावानं सांगिटलं न्हवं तुला ह्ये कराय?"

"त्या बाबूरावाचं नाव काढू नगा आण्णा! गोल नव्हता त्यो!"

आम्ही मंगळवार पेठेत आलो. बाबूरावांच्या सायकल दुकानात पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी भिंतीला एक खुंटी होती. तिथं मी माझी पिशवी अडकवायला गेलो, तर बाबूराव ओरडले, "आँ! ती आण्णांच्या टोपीची! दुसरं काय लावायचं न्हाय तिथं." आणि न सांगता त्यांनी समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली, "एक बिनसाखरेचा, आण्णांचा!" मग आण्णांना म्हणाले, "सोमवारचा माणूस बेस्तरवारी कसा? तब्येत बरी हाय न्हवं?"

बाबूरावांनी फ्लॉपी अशी ठेवली होती की हलणार नाही. म्हणजे लोखंडी कपाटाच्या दाराला, जुन्या स्पीकरातलं वाटीएवढं चुंबक लावून. चाकातले लोखंडी छर्रे सांडले की गोळा करायला ते चुंबक ते वापरत.

"बघा, रेसभर सरकली न्हाय!" ते अभिमानानं म्हणाले.

मी घमेल्याशेजारीच खाली बसलो. चुंबकानं फ्लॉपीवरचं सगळं पुसलं जातं, हे मी आण्णांना हळू आवाजात सांगितलं. मला वाटलं, आता ह्या दुकानाचंही शटर खाली येणार. पण आण्णांनी बिनसाखरेचा चहा संपवला, टोपी खुंटीवरून काढली आणि म्हणाले, "बाबूरावाला सांगू नगा. वाईट वाटंल."

कळंब्याच्या वाटेवर माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. फ्लॉपी द्यायची आणि जुनी घ्यायची, दोन मिनिटांचं काम. आण्णा मात्र दुपारी निघायचे आणि उजेड गेल्यावर परतायचे. ज्या माणसाला केळीवाल्याचा भरवसा नाही, त्याची टोपी दुसऱ्याच्या भिंतीवर कशी काय लटकते? ह्यात डाव हाय, असं आता मलाच वाटायला लागलं होतं.

जमादारांचं घर तळ्याच्या अंगाला. माणूस सहा फूट, मिशा दोन्ही बाजूंनी अजून ड्यूटीवर असल्यासारख्या. फ्लॉपी लोखंडी ट्रंकेत, ट्रंक कुलपात, किल्ली जाड दोऱ्यात, जानव्यासारखी त्यांच्या गळ्यात. मी म्हणालो, सुटलो. काम झालं.

"मिळणार न्हाय," जमादार म्हणाले.

"आवो, खुद्द आण्णा आलेत की!"

"आण्णांचाच हुकूम हाय. 'मी आलो तरी देऊ नकोस, माझं सोंग घेऊन कोण बी यील.' शुक्रवारीच मिळणार."

मी आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी मान खाली घातली. "असं म्हणालतो मी," ते पुटपुटले.

"जमादार, एका माणसाचा ऊस वाळतोय तिकडं!"

"वाळंना. हुकूम म्हंजे हुकूम." जमादार खुर्ची सरसावून बसले, जसे काही नवा कैदी दाखल करून घेतायत. "आण्णाच असशील तर सांग. मागल्या शुक्रवारी जाताना मी काय म्हणालो?"

मला वाटलं, संपलं. मला स्वतःला बायको सकाळी काय म्हणाली ते आठवत नाही. पण आण्णा लगेच बोलायला लागले. "तू म्हणालास, आभाळ आलंय, छत्री न्या. मी नगं म्हटलं. तू म्हणालास, भिजून आजारी पडलासा तर पुढच्या शुक्रवारी मी कुणासंगट भाकरी खाऊ? मग खुंटीवरची काढून दिलीस. काळी. मुठीजवळ दोरा गुंडाळल्याली."

जमादारांनी मिशीवरून हात फिरवला. "नेली?"

"नेली."

"परत आणली?"

"इसरलो."

"ह्योच आण्णा," जमादार म्हणाले आणि गळ्यातली किल्ली काढली.

माडीवर परत आलो. मी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवली, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. आणि आधी तिची एक नक्कल माझ्या कॉम्प्युटरात घ्यायला लागलो. आण्णांनी माझं मनगट धरलं.

"नक्कल? म्हंजे माझं दुकान तुमच्यात?"

"आण्णा, ही शेवटची हाय. हिला सरळ तुमच्या मशीनमध्ये घातली, आन् तिथं काय झालं तर? आधी नक्कल, मग काम नक्कलीवर. खरी बाजूला."

त्यांनी खूप विचार केला. मग मनगट सोडलं आणि माझ्याकडं पाठ करून बसले. ही त्यांची परवानगी.

फ्लॉपीनं आत जाऊन एक आवंढा गिळला, कर्र कर्र केलं, आणि फाईल उतरली. उघडली. आख्खी. आकडे, त्यांच्यासमोर नावं, सगळं दुकान. मागल्या शुक्रवारनंतरचा जो माल आला-गेला तो बिलांच्या कार्बन कॉप्यांवरून नंतर भरता येणार होता. मी नोझलचं नाव घालून शोध दिला. आकडा आला. मी जिन्यातूनच ओरडलो.

खाली दगडू आणि मुरगूडचे पाव्हणे खोक्यांच्या डोंगरात छातीपर्यंत बुडालेले. दिवसभर शोधून त्यांना सगळं सापडलं होतं. हरवलेला पान्ना, दगडूची चष्म्याची डबी, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. नोझल तेवढा नाही. आता सगळ्यांनी मिळून तो आकडा शोधला. मांडणीवर नाही. माळ्यावर नाही. शेवटी दगडू टेबलासमोर येऊन थबकला आणि त्यानं नुसतं बोट दाखवलं. कॉम्प्युटर उंचावर दिसावा म्हणून आण्णांनी त्याच्याखाली एक लाकडी खोकं ठेवलं होतं. तेच.

पाव्हण्यांनी नोझल कपाळाला लावला, फडक्यात बांधला आणि जाताना आण्णांना म्हणाले, "दुकान झकास हाय. फकस्त झडती जरा कमी घ्या." शेवटच्या एसटीला अजून अवकाश होता. दोन दिवसांनी मुरगूडहून निरोप आला, इंजिन चालू, पाणी बसलं.

त्यानंतर आण्णा पडद्यावर 'सुरक्षित आहे' येईपर्यंत थांबायला लागले. पण थांबायचे ते हातात प्लग धरून. तिन्ही घरी मी स्वतः जाऊन फ्लॉपीची राहणी समजावून आलो. काकींनी कुंकू झाकणाबाहेर वाहायचं कबूल केलं. जमादारांची छत्री मात्र परत गेल्याचं मी काही पाहिलं नाही.

मग काही वर्षांनी फ्लॉप्या बाजारातून जायला लागल्या. आण्णांनी कुठून कुठून जुने डबे मिळवून साठा करून ठेवला होता, पण दर दोनांतली एक आतून मेलेली निघायची. एकदा मी पुण्याहून त्यांच्यासाठी पेन ड्राइव्ह आणला. करंगळीएवढा. आण्णांनी तो उलटासुलटा केला, कानाशी हलवून पाहिला, वास घेतला.

"ह्यात सगळं दुकान मावतंय?"

"असली शंभर दुकानं मावतील. करदोट्याला बांधा आन् हिंडा. आता कुणाकडं काय ठेवायला नको, कुणाच्या दारात जायला नको, कुणावर इश्वास टाकायला नको. तुमाला पायजे तसंच झालं की आण्णा!"

त्यांनी ती करंगळीएवढी वस्तू टेबलावरून माझ्याकडं सरकवली, वायर गुंडाळली आणि कीबोर्ड पिशवीत घातला.

"न्हाय मास्तर. ह्यात डाव हाय."

"आता ह्यात कसला डाव, आण्णा?"

आण्णांनी पिशवी खांद्याला लावली.

"ही घेतली, तर बुधवारी तात्याच्यात मटण शिजंल."